मंगळवारचा थर

तो रस्त्याच्या मधोमध उभा होता आणि मूठ पुढे करून माझा टँकर थांबवत होता.

साधारणपणे लोक हात दाखवतात, शिट्टी मारतात, फार तर "ओ ताई" म्हणून ओरडतात. मुठीने टँकर थांबवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मी ब्रेक दाबला. टाकीतलं पाणी एकदा पुढे आलं, एकदा मागे गेलं, आणि मग आमचं दोघींचं, म्हणजे माझं आणि गाडीचं, थांबण्यावर एकमत झालं.

तो खिडकीखाली आला. मूठ उघडली. आत माती होती.

"बघा," तो म्हणाला.

मी बघितलं. माती होती.

"कोरडी आहे." डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगतात ना, त्या आवाजात.

"वाईट झालं," मी म्हणाले.

"तुमच्याकडे पाणी आहे."

"ते झाडांचं आहे."

"झाडं सगळं पितात?"

इथे मी सरळ 'हो' म्हणून गिअर टाकायला हवा होता. मी रस्त्याच्या दुभाजकावरच्या झाडांना पाणी घालते. माझी झाडं काय पितात आणि काय नाही, हे विचारणारा हा कोण? पण त्याच्या डाव्या भुवईवर चिखलाचा एक ठिपका होता. तो उत्तराची वाट बघत होता आणि वाट बघताना ती भुवई ठिपक्यासकट हळूहळू वर चालली होती. शिवाय त्याने मला अजून एकदाही 'ताई' म्हटलं नव्हतं. असल्या गोष्टी मी लगेच टिपून घेते.

"थोडं उरतं..." मी म्हणाले. "शेवटच्या झाडानंतर."

"शेवटचं झाड कुठे आहे?"

मी बोट दाखवलं. शेवटचं झाड बरोबर त्याच्या मागे होतं.

हाताच्या बोटाएवढं खोड, त्यावर चार पानं आणि चेहऱ्यावर कायमचा रुसवा. मी त्याला जावईबापू म्हणायचे. कितीही करा, समाधान नाहीच. मी खाली उतरले, नळी ओढली आणि रोजच्यासारखी म्हणाले, "प्या हो जावईबापू. सावकाश. मी कुठे पळून जात नाहीये."

मागून आवाज आला, "माझ्याशीपण एवढं गोड बोललात तर चालेल."

मी वळले नाही. कान मात्र त्यांच्या मर्जीने वळले.

*

तो दुचाकीचा मेकॅनिक होता. मातीत धावणाऱ्या, हवेत उडणाऱ्या, जाड दातांच्या टायरच्या गाड्या दुरुस्त करायचा. गॅरेजच्या मागे मोकळं मैदान होतं आणि तिथे तो एक उडी बांधत होता.

"उडी मारतात," मी म्हणाले. "बांधतात कधीपासून?"

"मारायच्या आधी बांधावी लागते. ही नवशिक्यांची आहे. कमरेएवढीच उंच."

मैदान गॅरेजवाल्या काकांचं होतं. काका म्हणजे कमरेवर हात आणि चेहऱ्यावर 'मी आधीच सांगितलं होतं'. त्यांनी अट घातली होती. पुढच्या रविवारी एखाद्या पक्क्या नवशिक्याने ही उडी सुखरूप पार केली, तर मैदानावर शिकवणीचा वर्ग निघणार आणि मेकॅनिक तिथला मास्तर होणार. नाहीतर सगळं सपाट करून तिथे गाड्या धुवायच्या.

"नवशिक्याच कशाला?" मी विचारलं. "तुम्हीच मारून दाखवा की."

"बांधणाऱ्याने पहिली उडी मारायची नसते. ज्याला येतं त्याचं अंग चढाच्या सगळ्या चुका पोटात घालतं. चूक फक्त नवशिक्यालाच कळते."

मग त्याने मला उडी समजावली. एका बाजूला चढ, सरळ, लांब, आळशी. शेवटाला वर वळवायचा नाही, नाहीतर मागचं चाक लाथ मारतं. मध्ये सपाट माथा. पलीकडे तसाच निवांत उतार.

"दोन ढिगारे आणि मध्ये खड्डा, ते सर्कशीचं," तो म्हणाला. "इथे मधली जागा भरून काढायची. जोर कमी पडला तर माणूस माथ्यावर उतरतो, बरोबर लागला तर उतारावर. कुठेही पडला तरी खाली माती असते."

"म्हणजे नापास व्हायची सोयच नाही."

"अगदी!"

"आमच्या शाळेला हे कोणी सांगायला हवं होतं."

तो हसला. हसताना त्याची दुसरी भुवईही वर जायची. मी टँकरची नळी सोडली. नळीच्या तोंडाला झारीसारखी चकती होती. पाणी मातीवर बारीक पडलं आणि असा वास आला की काकांनीसुद्धा एक हात कमरेवरून खाली घेतला.

"बास, बास!" मेकॅनिक ओरडला. त्याने ओली माती मुठीत दाबली, गोळा केला, गोळ्याला बोट लावलं. गोळा दोन तुकडे होऊन मोडला. "अशी हवी. दाबली की जमायला हवी, टोकलं की मोडायला हवी."

"माणसांसारखी."

"काही माणसांसारखी," तो म्हणाला आणि माझ्याकडे एक क्षण जास्त बघितलं. एक क्षण म्हणजे फार नाही. पण मी सरकारी वेळेवर काम करणारी बाई; जास्तीचा क्षण मला बरोबर कळतो.

हे सगळं तो हाताने करत होता. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, यंत्राची माती वरून घट्ट आणि आतून पोकळ राहते, हाताने वीतभर थर घालून ठोकली की तिला जीव येतो. खरं कारण काकांनी सांगितलं. फाटक अरुंद होतं आणि यंत्र आत येत नव्हतं. तत्त्वज्ञान त्याने नंतर जोडलं होतं.

ठोकायला धुम्मस होत्या. धुम्मस म्हणजे लाकडी दांड्याला खाली जड लोखंडी पाट. उचलायची, सोडायची, उचलायची, सोडायची. एक धुम्मस त्याच्या हातात होती, दुसरी नुसतीच भिंतीला टेकून उभी होती. मला रिकामी उभी असलेली माणसं बघवत नाहीत, मग धुम्मस तरी कशी बघवेल?

"डावी बाजू तुमची, उजवी माझी," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी आईने दारातच अडवलं. "बुटाला माती, केसांना माती, कानात माती. झाडांना पाणी घालतेस की त्यांना पुरतेस?"

"कामाचा भाग आहे," मी म्हणाले.

"कामाचा भाग गालात हसतो का गं?"

*

सोमवारी हेल्मेटवाली आली.

ती मोठी गाडी उडवत आली, मैदानाला एक गोल चक्कर मारली आणि बरोबर माझ्या बादलीपाशी थांबली. हेल्मेट काढलं. आतून केस बाहेर आले. आले ते येतच राहिले. हेल्मेटमध्ये एवढे केस मावतात, तर टँकर बांधणाऱ्या लोकांनी तिच्याकडून शिकावं. माझे केस टोपीखाली होते आणि ओल्या फडक्यासारखे दिसत होते. ही तुलना मी केली नाही. तिथे पडलेलं ओलं फडकं बघून ती आपोआप झाली.

"काय म्हणतोस, मास्तर?" ती त्याला म्हणाली.

मास्तर! वर्ग निघायचा होता, काकांचा निकाल लागायचा होता, पण हिने पदवी देऊन टाकली.

"चढ बघ ना जरा," तो म्हणाला. मला 'बघा', तिला 'बघ'. व्याकरण माणसाला किती दुखवू शकतं, हे शाळेत शिकवत नाहीत.

तिने बुटाच्या टोकाने चढावर एक रेघ ओढली. "इथून थोडा लांब घे."

तो उकिडवा बसून त्या रेघेकडे बघत राहिला. मातीत ओढलेली रेघ होती. मीसुद्धा ओढू शकले असते. दोन ओढल्या असत्या. मग ती काहीतरी बोलली आणि तो हसला. दोन्ही भुवया वर! ते हसू मी टाकीभर पाणी ओतून मिळवलं होतं. हिला फुकट.

मी धुम्मस उचलली.

धप्प.

"पुढच्या महिन्यात स्पर्धेला येतोस ना बघायला?"

धप्प. धप्प.

"तुझ्या शिकाऊ बाई फार जोरात मारतात रे."

शिकाऊ! सहा चाकांची गाडी एका हाताने मागे घेणाऱ्या बाईला शिकाऊ! धप्प, धप्प, धप्प, धप्प. पलीकडे गॅरेजच्या पत्र्यावर झोपलेलं मांजर उठून दुसऱ्या गल्लीत राहायला गेलं.

ती गेल्यावर मेकॅनिक माझ्या बाजूला आला. अंगठा दाबून बघितला. अंगठा आत गेला नाही. मग त्याने बुटाची टाच मारली. टाच परत आली.

"हे... दगड झालंय," तो हळूच म्हणाला. "असा थर मी आजवर बघितला नाही. कसं केलंत?"

"माझा स्वभावच कामसू आहे," मी म्हणाले. घशात थोडी माती गेली होती, म्हणून आवाज तसा आला.

*

मंगळवारी ती आली नाही.

मैदान एकदम मोठं वाटायला लागलं. ऊन कोवळं होतं, हवा स्वच्छ होती, काका सुटे भाग आणायला गेले होते. मी नळीची चकती अगदी बारीक केली आणि पाणी धुक्यासारखं उडालं. त्या धुक्यात एक इंद्रधनुष्य उमटलं, दीड हात लांब, चढाच्या पायथ्यापासून त्याच्या बुटापर्यंत. माझ्या मालकीचा पाऊस होता, नळीला लावलेला. हवा तिथे पाडत होते.

"तुम्हाला हे एवढं का करायचंय?" मी विचारलं. "गाड्या धुवायची जागासुद्धा वाईट नसते. पाणी लागतं तिथेही. मी आलेच असते."

तो माती चाळत होता. चाळण थांबली.

"मी पहिल्यांदा उडी मारली ती कोणीतरी घाईत बांधलेली होती," तो म्हणाला. "आतून कच्ची. चाक रुतलं आणि मी गाडीच्या पुढे पोचलो. हे हाड मोडलं." त्याने शर्टाची कॉलर बाजूला केली. गळ्याखालचं हाड मध्येच थोडं उंच होतं, लहानशा टेकाडासारखं. "सगळे म्हणाले, घाबरट आहे, याचं काम नाही. पण मला वाटतं, घाबरट माणसांसाठीच चांगली उडी बांधायला हवी. न घाबरणारे कुठूनही उडतात."

माझं बोट तिथे कधी गेलं, मला कळलं नाही. टँकरचा आरसा पुसायला जातं तसं सरळ गेलं... आणि त्या टेकाडावर थांबलं. टेकाड गरम होतं.

"दुखतं?"

"आत्ता?" त्याने चाळण खाली ठेवली. "नाही. तू... म्हणजे तुम्ही..."

"तू चालेल," मी म्हणाले.

मग आम्ही थर घातला. माती पसरली, मी पाणी दिलं, दोघांनी धुम्मस उचलल्या. दिवसभर आम्ही तो थर ठोकला, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. धुम्मस वर जात होती, खाली येत होती. पण खाली येता येता तिलाही काहीतरी आठवत असावं, कारण ती अगदी अलगद टेकत होती.

*

बुधवारी हेल्मेटवाली आली. गुरुवारी आली. शुक्रवारी तर दोनदा आली.

मंगळवार माझ्या डोक्यातून धूर होऊन निघून गेला. एकदा तिने त्याच्या खांद्यावरची माती झटकली. खांद्यावर माती नव्हती. मी बघितलं होतं. त्या खांद्याकडे माझं बारीक लक्ष असतं. एकदा दोघं पत्र्याच्या शेडमागे कुजबुजले आणि परत येताना ती हसत होती आणि तो माझ्याकडे चोरून बघत होता. चोरून! म्हणजे लपवण्यासारखं काहीतरी होतं.

मी ठोकलं. मी असं ठोकलं की शेजारच्या इमारतीतल्या आजींनी गॅलरीत येऊन 'पाया घालताय का, किती मजले?' म्हणून विचारलं.

"छान बसतोय थर," तो म्हणायचा.

"बसणारच," मी म्हणायचे. "ज्याची जागा नाही त्याने उभं राहू नये, बसून घ्यावं."

"कोण उभं आहे?"

"मी मातीबद्दल बोलतेय."

शनिवारी मी जावईबापूंना पाणी घालताना सगळं सांगितलं. "पुरुषांचं काही खरं नाही," मी म्हणाले. त्यांनी एक पान गाळलं. एवढी सहानुभूती मला त्या आठवड्यात दुसऱ्या कोणी दाखवली नव्हती.

*

रविवारी उडी तयार होती. काय दिसत होती! लांब, गोंडस, जेवून आडवी झालेल्या म्हशीसारखी शांत. तिच्यावर तो हात फिरवत होता तेव्हा मला तिचासुद्धा हेवा वाटला. आता जगात हेवा करायचं कोणी उरलं नव्हतं. काकाच तेवढे राहिले होते.

नवशिक्या म्हणून काकांचा भाचा ठरला होता. त्याचा सकाळी फोन आला की त्याला अचानक पोहण्याची आवड निर्माण झाली आहे आणि तो तिकडेच जातोय.

काकांनी फोन खिशात टाकला. मग तिघांनी, काकांनी, हेल्मेटवालीने आणि मेकॅनिकने, एकदम माझ्याकडे बघितलं.

"मी?" मी म्हणाले. "मला दुचाकी येत नाही! सहा चाकांच्या खाली मी कधी उतरलेच नाही!"

"म्हणूनच तर!" तिघंही आनंदाने म्हणाले.

मेकॅनिक जवळ आला. "तुला नको असेल तर नाही म्हण. वर्ग गेला तरी चालेल. खरंच."

असं म्हटल्यावर माणूस काय करणार?

सकाळभर त्याने मला सपाट मैदानावर शिकवलं. क्लच सोड, पायांवर उभी राहा, गुडघे सैल ठेव, नजर खाली नको, लांब ठेव. लांब हेल्मेटवाली उभी होती, म्हणून मी नजर खालीच ठेवली. हेल्मेटही तिचंच होतं. त्याने ते माझ्या डोक्यावर बसवलं, हनुवटीखाली पट्टा ओढला. त्याची बोटं माझ्या गळ्यापाशी होती, डोळे माझ्या डोळ्यांपासून चार बोटांवर. आणि नाकात सगळा तिच्या शाम्पूचा वास! न्याय नावाची वस्तू या जगात मिळत नाही, दुकानं उगाच उघडी आहेत.

"पहिल्यांदा उडायचं नाही," तो म्हणाला. "नुसती हळू चढवायची, माथ्यावरून न्यायची, उतरवायची. मी बाजूने पळतोय."

मी निघाले. चढ जवळ आला. पुढचं चाक चढलं, छान चढलं. मग मागचं चाक अर्ध्या चढावर आलं आणि... भस्स.

गाडी जिथल्या तिथे रुतली, थोडी मागे घसरली आणि दमलेल्या पाहुण्यासारखी आडवी झाली. मी तिच्याआधी खाली बसले होते. काही लागलं नाही. बसल्या जागी माती गादीसारखी मऊ होती.

तोच तर घोटाळा होता.

"लागलं का?" मेकॅनिक गुडघ्यांवर आपटला. चेहरा पांढरा. "कुठे लागलं? बोल ना!"

"मी बरी आहे."

"नक्की? हाड बघू."

"झालं!" काका मागून म्हणाले. "मी आधीच सांगितलं होतं. उद्या सपाट करा. गाड्या धुऊ."

मेकॅनिक उठून शेडकडे गेला. फावडं घेऊन आला आणि चढाला बाजूने उभा काप दिला, डावीकडून एक, उजवीकडून एक. आतले थर दिसायला लागले, एकावर एक. तळच्या थरावर सोमवारचा, फावड्याने खरवडला तरी ढिम्म. वर बुधवार, गुरुवार, शुक्रवार, सगळे पाटीच्या दगडासारखे. आणि सोमवार-बुधवारच्या मध्ये एक वीतभर पट्टा... फिकट, भुसभुशीत. मी बोट लावलं तर दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं.

"हा कधीचा?" काकांनी विचारलं.

मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. आम्ही दोघांनी वेगवेगळ्या दिशांना बघितलं.

"मंगळवारचा असणार," हेल्मेटवाली वाकून म्हणाली. "मंगळवारी मी नव्हते ना. याने बोलावलंच नव्हतं."

"बोलावलं नव्हतं म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे काय! बाकी रोज फोन. 'ये, उभी राहा, काहीतरी बोल, जरा हस.' मी विचारलं, कशाला रे? तर म्हणे, माती चांगली बसते. मला वाटलं, याच्या डोक्यावर परिणाम झालाय. खांद्यावरची माती झटकायलासुद्धा यानेच सांगितलं. माझ्या गाडीची साखळी बदलून देणार होता, अजून दिलेली नाही."

मी मेकॅनिककडे बघितलं. त्याच्या कानांचा रंग लाल मातीच्या पुढे गेला होता.

"सोमवारी ती आपली आपण आली होती," तो म्हणाला. "तेव्हा तुझा थर असा बसला, की... मग मंगळवारी मला ती नको होती. मला तू एकटी हवी होतीस. बुधवारी सकाळी तुझा नवा थर जरा सैल बसत होता, म्हणून... मातीसाठी..."

"मातीसाठी तू मला जाळलंस?"

"सुरुवातीला मातीसाठी."

"आणि नंतर?"

"नंतर... बरं वाटायला लागलं. माझ्यावरून आजपर्यंत कोणी धुम्मस उचलली नव्हती."

मी उठले. खूप काही बोलायचं होतं. काही शब्द तर ओठापर्यंत आले होते, आणि ते चांगल्या घरातले नव्हते. पण तेवढ्यात माझी नजर उजवीकडच्या कापावर गेली. उजवी बाजू त्याची. मी तिथे बोट लावलं.

बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं.

"थांब," मी म्हणाले. "माझी बाजू का कच्ची राहिली, ते मला माहीत आहे. ते असू दे. पण तुझी बाजू? तू मास्तर ना? मोडक्या हाडाची शपथ घेऊन बांधतोस ना? तुझी बाजू का भुसभुशीत?"

तो मातीकडे बघत होता.

"तू हाडाला बोट लावलंस," तो म्हणाला. "त्यानंतर मी थर ठोकलाच नाही बहुतेक. मी तुझ्याकडे बघत होतो. धुम्मस आपली आपण पडत होती..." मग मान वर करून, एका दमात: "मला तू आवडतेस. पाणी नसतं तरी आवडली असतीस. टँकर रिकामा असता तरी."

कोणाचं प्रेम शब्दांत कळतं, कोणाचं डोळ्यांत. मला वीतभर मातीत कळलं, आणि ते खरवडून तपासताही येत होतं.

"उडी व्हायचीय की लग्न?" काका म्हणाले. "एक काहीतरी ठरवा. मला साबण मागवायचाय."

"संध्याकाळपर्यंत थांबा, काका," हेल्मेटवाली म्हणाली. "पट्टा उकरून पुन्हा भरू."

*

आम्ही वरची माती उतरवली, मंगळवारचा थर उकरून बाजूला ढीग केला आणि नव्याने भरायला घेतलं. मी धुम्मस उचलली. धप... नुसतं धप. दुसरा 'प' येईचना. मला राग येत नव्हता. मनात कुठेही काटा नव्हता, काळजी नव्हती. अशा अवस्थेत माणूस फार तर उशी ठोकू शकतो.

हेल्मेटवालीने त्याच्या खांद्यावर हात ठेवून बघितला. मी प्रेमाने तिच्याकडे बघून म्हणाले, "अगं, दमली असशील, बस ना."

"संपलं," ती म्हणाली. "ही गेली कामातून." मग तिने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आवाज चढवला. "हो गं, तुमच्याकडे तो पंपवाला आहे ना? टाक्या भरून देतो तो? तुला रोज पहिला नंबर देतो म्हणे?"

मेकॅनिकची धुम्मस हवेत थांबली.

"रोज," मी म्हणाले. हे खरं होतं; माती उकरताना मीच तिला सांगितलं होतं.

धप्प.

"आणि म्हणे, तू आल्याशिवाय चहा पीत नाही?"

"थांबतो बिचारा." हेही खरं होतं.

धप्प. धप्प. धप्प.

"काय म्हणतो तुला?"

"राणी," मी म्हणाले.

त्यानंतरचा आवाज मला लिहिता येणार नाही. शेजारच्या आजी पुन्हा गॅलरीत आल्या. पंपवाल्याला गुडघेदुखी आहे, दोन नाती आहेत आणि तो त्यांनाही राणीच म्हणतो, हे मी सांगणारच होते. थर बसल्यावर.

उन्हं कलली तेव्हा चढ तयार होता. काकांनी स्वतः टाच मारली आणि मग बराच वेळ ती चोळत उभे राहिले.

मी हेल्मेट घातलं. पहिल्यांदा हळू नेली. चढ, माथा, उतार. गाडी डुलतसुद्धा नव्हती. पुन्हा तशीच नेली. मग मैदानाच्या टोकाला जाऊन वळले. मेकॅनिक माथ्याच्या बाजूला उभा होता, दोन्ही हात स्वतःच्याच गळ्याखालच्या हाडावर. या वेळी मी नजर लांब ठेवली, कारण लांब तोच होता.

चढ आला. गेला. आणि मग खालचा आवाज एकदम बंद झाला. टायरचा, खड्यांचा, सगळा. किती उंच गेले असेन? एखादी वही सरकवता आली असती चाकाखालून, जाड नको, पातळ. पण तेवढ्या वेळात मला त्याच्या दोन्ही भुवया वर जाताना दिसल्या. मग उताराने आम्हाला अलगद झेललं, जणू आमचीच वाट बघत होता.

"उडाली!" हेल्मेटवाली किंचाळली.

"मी आधीच सांगितलं होतं," काका म्हणाले.

मी गाडी थांबवली. पट्टा सुटेना. तो धावत आला, त्यालाही सुटेना, मग चार हातांनी मिळून तो पट्टा कसाबसा सोडवला.

"पंपवाल्याचं काय?" तो म्हणाला. अभिनंदन नाही, काही नाही.

"त्याला दोन नाती आहेत."

तो बघतच राहिला. "तू मला जाळलंस?"

"मातीसाठी," मी म्हणाले. "आणि ऐक, मलाही तू आवडतोस. साखळी बदलून दे तिची."

*

उकरलेला ढीग काका फेकून देणार होते. मी देऊ दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तो घमेल्यांतून दुभाजकावर नेला, शेवटच्या झाडापाशी, आणि बुंध्याभोवती पसरला. मेकॅनिक खाली बसला आणि त्या चार, आता तीन, पानांकडे संशयाने बघू लागला.

"याच्याशीच गोड बोलतेस ना तू?"

"रोज."

त्याच्या हाताने आपोआप फावडं उलटं धरलं. बुंध्याभोवतीची माती तो फावड्याच्या पाठीने थापटायला निघाला होता, चांगली जोरात. मी त्याचं मनगट धरलं.

"नको रे. तशीच राहू दे, सैल."

मी नळी सोडली. पाणी त्या मातीत भसाभस शिरलं, कुठेही न अडता. झाडाला ठोकलेली माती चालत नाही. त्याला मंगळवारचीच लागते.